न ठोठावणारं पेट्रोल

विंझरच्या चिमाजीला भर मोटारस्टँडवर गाढव म्हणणारा पहिला माणूस मी. पुढे ते माझ्यावरच उलटलं हा भाग वेगळा. पण म्हटलं मी होतं, म्हणून त्याची हकिगत सांगायचा हक्कही मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. भोरात चार जण ती चार तऱ्हांनी सांगतात आणि चौघेही त्यात मला चष्मा घालतात. मला तेव्हा चष्मा नव्हता.

मी रघुवीर. सदतीस-अडतीस सालची गोष्ट, मी भोरला आनंदरावांच्या सर्व्हिस मोटारीच्या हापिसात तिकिटं फाडत असे. हापिस म्हणजे एक टेबल, एक पत्र्याची पेटी आणि डोक्यावर गळका पत्रा. मॅट्रिकला मला इंग्रजीत बासष्ट मार्क होते आणि त्या बासष्टांचा असा काही माज होता म्हणता! स्टँडवरच्या चहावाल्यालाही मी ‘थँक्यू’ म्हणायचो, आणि तो बिचारा साखर कमी पडली असेल म्हणून आणखी एक चमचा घालायचा. दोन वर्षं मी तो पाक प्यालो, पण थँक्यू सोडलं नाही.

मोटार एकच. अमेरिकन, सात जणांची, म्हणजे आपल्याकडच्या रीतीने चौदा जणांची. सकाळी भोरहून निघायची, कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, विंझर करत वेल्ह्याला पोचायची आणि दुपारी परत. जाऊन-येऊन साठ मैल धरा. डायवर चिमाजी, घर विंझरला पण मुक्काम गाडीपाशी भोरला. अंगाने आडवा, मिशा भरघोस, फेटा एवढा की मोटारीच्या टपाला घासून घासून त्याला वर टक्कल पडलेलं. आधी बैलगाडी हाकायचा. ती सवय काही गेली नव्हती. मोटार थांबवायची झाली की आधी मागे रेलून ‘हो... हो... हो’ म्हणायचा आणि मग ब्रेक दाबायचा. एवढ्या वेळात मोटार थांब्याच्या पुढे वीस पावलं गेलेली असायची. लोकांनाही ते ठाऊक होतं, त्यामुळे ते थांब्याच्या पुढे वीस पावलांवरच उभे राहत.

आता त्या मोटारीची खोड. चढ आला की तिच्या इंजिनातून ‘ठक ठक ठक ठक’ असा ठोका निघायचा, पितळी घागरीवर कुणी लाटणं आपटावं तसा. अर्ध्या मैलावरून ऐकू यायचा. त्यावरून लोकांनी तिचं नाव पाडलं ठकुबाई. आता पंचाईत अशी की चिमाजीच्या सासूचं नावही ठकुबाई, आणि ती राहायची विंझरलाच, त्याच्या घरापासून तीन घरं सोडून. जावयाने मोटारीला आपलं नाव दिलं आणि रोज सकाळी आपल्या नावाने हँडल मारतो, असं म्हातारीने मनात घेतलं. झालं! बोलणंच टाकलं. चिमाजीने पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, “मामी, म्या न्हाई ठिवलं, लोकांनी ठिवलं.”

“लोकांची सासू हाय का ती?” म्हातारी त्याच्या बायकोकडे, म्हणजे आपल्या लेकीकडे, सगुणाबाईकडे बघून म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं एक शब्द नाही. मोटारीत बसायची, पण जावयाकडे पाठ करून. त्यासाठी ती मागच्या बाकावर उलटी बसायची आणि बाकीच्यांच्या गुडघ्यांची वाट लावायची.

आनंदराव माणूस वाईट नव्हते, पण पेट्रोल म्हटलं की त्यांचं डोकं उठायचं. एका फेरीला पाच ग्यालन! ग्यालनला बारा मैल! एके दिवशी स्टँडवर त्यांनी चिमाजीला धरलं. “खरं सांग, मोटार पिते का तू पितोस?”

“मालक,” चिमाजी म्हणाला, “म्या प्यालो असतो तर बिडी पेटवली आसती का?”

बोलणं बरोबर होतं, पण आनंदरावांना आवडलं नाही. त्यातच त्यांचा मेहुणा बंडू पुण्याहून येऊन टपकला. डोळ्यांवर गॉगल, खिशात डायव्हरीचं लायसन, तोंडात शीळ. त्याला चिमाजीची जागा हवी होती आणि त्याच्या बहिणीलाही ती त्यालाच द्यायची होती. आता घरात बायको आणि दारात मेहुणा, आनंदराव तरी काय करणार? बंडूने येताना पेट्रोलचे डबे आणले होते. आमचं नेहमीचं पेट्रोल पाण्यासारखं पांढरं. हे तांबडं, गुलाबाच्या सरबतासारखं. बंडू म्हणाला, “भावोजी, हे घाला. ग्यालनला अठरा मैल नाही काढले तर नाव बदलीन.”

बरोबर एक इंग्रजी जाहिरात होती. ती वाचायला मला बोलावलं. अहो, माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं एक बटण तिथेच गेलं. जाहिरातीत दर दुसऱ्या ओळीला एकच शब्द: ‘अँटी-नॉक’. मी घसा खाकरला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा अर्थ सांगितला. “नॉक म्हणजे दार ठोठावणे. अँटी म्हणजे विरुद्ध. तात्पर्य, हे पेट्रोल दार न ठोठावता आत जातं.”

चिमाजी म्हणाला, “पंत, दार न ठोठावता आत जातो त्याला आमच्यात चोर म्हनत्यात.”

लोक हसले. मला झोंबलं. मी पुढे वाचलं की या पेट्रोलचा नंबर सत्तर आहे आणि साध्याचा साठसुद्धा नसतो.

“सत्तरावा नंबर आला?” चिमाजीने कपाळाला हात लावला. “आमचं पांढरं साठाच्या आत हाय म्हंता, मंग हुशार कोन?”

“अरे, तो शाळेतला नंबर नव्हे!” मी ओरडलो. “जितका नंबर मोठा तितका जोर मोठा. जोर मोठा तितके मैल जास्त. सोपं आहे!”

आता खरं सांगतो, जाहिरातीत जोराबद्दल एक अक्षर नव्हतं. तिथे एवढंच लिहिलं होतं की हे पेट्रोल इंजिनात दाबलं गेलं तरी वेळेआधी भडकत नाही, म्हणून ठोका येत नाही. हे मी वाचलंही होतं, पण भडकत नाही ही काय मोठी फुशारकी, म्हणून ते वाक्य मी गाळून टाकलं. चिमाजी मात्र त्याच वाक्याला चिकटून विचारू लागला, कारण त्या ओळीवरून माझं बोट घसरताना त्याने पाहिलं होतं. शेवटी मला सांगावं लागलं.

तो थोडा वेळ मिशीला पीळ देत राहिला. “म्हंजी धिराचं हाय,” तो म्हणाला. “माज्याकडं दोन बैल हुते. एक जू मानंवर पडायच्या आदीच उसळी मारायचा. दुसरा वड म्हनल्यावर वडायचा. दुसरा शाना, व्हय. पर म्हनून गाडी काय दुसऱ्या गावाला जास्त गेली न्हाई. वज्जं तेवढंच, वाट तेवढीच, कडबा तेवढाच.”

“गाढव आहेस!” मी म्हणालो. “बैल आणि विज्ञान यांतला फरक कळतो का तुला?”

हेच ते. भर स्टँडवर. चिमाजी फेटा नीट करत राहिला.

आनंदरावांनी तोड काढली. सोमवारी चिमाजीने पांढऱ्यावर फेरी करायची, मंगळवारी बंडूने तांबड्यावर. ज्याला पेट्रोल कमी लागेल त्याची जागा, आणि ती कायमची. शर्त लिहायला आणि मोजायला मी. पेट्रोलची टाकी पुढच्या बाकाखाली होती आणि तिच्यात घालून बघायला एक वेळूची काठी होती, तिच्यावर अर्ध्या अर्ध्या ग्यालनला एक खाच. आम्ही काठी धुऊन, पुसून टेबलावर ठेवली. बंडूने शीळ घातली.

त्या संध्याकाळी चिमाजी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणाला, “पंत, जागा गेली तर म्या परत बैलामागं जाईन. बैल वाईट न्हाईत. पर मला या गाडीबिगर करमायचं न्हाई वो. सकाळी उटलो की पयला ईचार तिचा येतो. सगुणाला सांगू नगा.”

मी म्हटलं, “काठी सांगेल ते खरं.” त्याहून मऊ काही बोलायला हवं होतं, हे मला घरी जेवताना सुचलं. पण आमटी गार होत होती.

सोमवारी निघालो. भोरहून पाच जण. कापूरहोळच्या अलीकडे जरा चढ लागला आणि ठकुबाईने ठक ठक सुरू केलं, तशी चहाच्या दुकानात पाठमोरे बसलेले दोघे न वळताच उठले, बशीतला चहा घशात ओतला आणि येऊन उभे राहिले. पुढे गावोगाव तेच. चढावर ठोका ऐकला की कुणी बाई वैरण टाकता टाकता थांबायची, कुणी पोराच्या मुंडक्याला टोपी चढवायचा आणि गाडी येईतो सगळे वीस पावलं पुढे हजर. चिमाजी ‘हो... हो’ म्हणायचा, लोक चढायचे, गाडी पुरती उभी राहायचीसुद्धा नाही. विंझरला सासूबाई टोपली घेऊन चढल्या आणि उलट्या बसल्या. हे सगळं मी रोज तिकिटांत मोजत होतो, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही बघितलं नाही म्हणा. माझं लक्ष काठीवर होतं.

वेल्ह्याला पोचलो. काठी टाकली. पाच खाचा उडाल्या होत्या. भरलेल्या गाडीने परत भोरला आलो, आणखी पाच. एकूण पाच ग्यालन, सव्वीस तिकिटं, ग्यालनला तेच ते बारा मैल. चिमाजीने काठीकडे बघितलं आणि बिडी न पेटवताच ओढत बसला.

मंगळवार उजाडला. टाकी रिकामी करून तांबडं भरलं. बंडूने गॉगल चढवला, हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. स्टँडवर सात-आठ उतारू होते. एकही बसेना.

“बसा की,” आनंदराव म्हणाले.

“जाऊन येऊ द्या,” त्यांतला एक म्हातारा म्हणाला. “नवा डायवर, नवं पेट्रोल. धडपणी परत आले तर उद्या बसतो. आम्हाला घाई नाही.”

आनंदराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, “वाटेत भरेल.” चिमाजी आणि कालच्या गाडीने आलेली सगुणाबाई निकालासाठी भोरलाच थांबले होते, ते कडुनिंबाखाली बसून राहिले. मी एकटा मागच्या बाकावर बसलो, काठी मांडीवर घेऊन.

काय सांगू तुम्हाला, गाडी कशी चालली! कापूरहोळचा चढ आला, मी कान टवकारले, आणि ठोका नाही! नुसतं गुर्रर्र. मला माझ्या इंग्रजीचा इतका अभिमान वाटला की मी बंडूच्या पाठीवर थाप मारली आणि त्याचा गॉगल नाकावर आला. कापूरहोळला ते दोघे चहा पिणारे पाठमोरे बसले होते. बंडू पुण्याच्या शिस्तीने अर्धा मिनिट थांबला आणि निघाला. ते दोघे बशी फुंकतच राहिले.

“ऐकू आलं नसेल,” मी म्हणालो. “भोंगा वाजव.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बंडूने नसरापूर सोडल्यापासून भोंग्याचा रबरी गोळा दाबायला सुरुवात केली, पों पों पों. आता आमच्या त्या भागात भोंगा वाजवत मोटार यायची ती फक्त साहेबाची. चिमाजीला कधी भोंग्याची गरजच पडली नव्हती. आणि साहेब गावात आला की एक तर झाड कुणी तोडलं ते विचारतो, नाही तर जेवायला राहतो आणि गावातली कोंबडी कमी होते. आंबवण्याला आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं. एका घरात कुणीतरी कोंबडीचं तोंड दाबून धरलंय असा आवाज येत होता. विंझरला मी डोळ्यांनी बघितलं: ठकुबाई टोपली घेऊन कडब्याच्या गंजीमागे शिरली. लुगड्याचा पदर बाहेरच राहिला.

“अरे, ती बघ ठकुबाई!” मी ओरडलो.

“म्हणजे? आपण बसलोय ती कोण?” बंडू म्हणाला आणि गाडी पुढे गेली.

वेल्ह्याला काठी टाकली. चारच खाचा! एक खाच वाचली. बंडू नाचला. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू. वहीत लिहिलं: ‘विज्ञानाचा विजय, सकाळी साडेदहा.’ चिमाजी वेल्ह्याला कचेरीतली, बाजारातली माणसं येईपर्यंत थांबायचा. बंडू म्हणाला, रिकामं उभं राहून काय करायचं, चला. अर्धा तास आधीच निघालो, तेही तसेच, रिकामे.

विंझरला ठकुबाई रस्त्याच्या मधोमध उभी. साहेब गेला, आता आपली मोटार येईल म्हणून थांबली होती, आणि आली तर तीच मघाची. बंडूने कच्चकन ब्रेक दाबला. म्हातारीने मोटार ओळखली, चहूकडून बघितली, इंजिनाला कान लावला, आणि मला विचारलं, “ठोका का यीना हिचा?”

मी छाती काढून म्हणालो, “ठोका बंद पडला, ठकुबाई. आता कायमचाच.”

म्हातारीचा चेहरा उतरला. “आन् चिमाजी? त्यो कुठाय?”

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी खरं तेच बोललो. “चिमाजी गेलाच समजा,” मी म्हणालो. “जागा रिकामी झाली त्याची.”

टोपली खाली पडली. आतली कोंबडी पळाली. आणि म्हातारीने असा हंबरडा फोडला की गॉगलवाला बंडू सीटवरून उडाला. “माज्या जावईबापू गंऽऽ!” शेजारपाजारच्या बायका धावल्या, पुरुष आले. मी सांगायला लागलो, अहो तसं नाही, जागा म्हणजे डायव्हरची जागा, ठोका म्हणजे इंजिनाचा ठोका. पण रडणाऱ्या बायकांपुढे इंग्रजी चालत नाही आणि मराठीही चालत नाही. पाच मिनिटांत चार बायका आणि दोन पुरुष गाडीत. मी तिकिटाची वही काढली, तशी एक बाई अंगावरच आली. “मयताला तिकीट? लाज न्हाई वाटत?” आणि खरंच, आमच्या मोटारीत मयताला जाणाऱ्याचं तिकीट फाडत नसत. ती चाल चिमाजीनेच पाडलेली होती आणि आनंदरावांनी चरफडत मान्य केली होती. मी वही मिटली.

मग काय! जी मोटार सकाळी कुणाला ऐकू आली नव्हती ती आता दोन कोसांवरून ऐकू येऊ लागली. आंबवण्याला माणसं आधीच रस्त्यावर. “कोन गेलं?” “चिमाजी!” “अरारारा! लई चांगला हुता!” चढले. प्रत्येक गावात बंडूला थांबावं लागलं, इंजिन सुरूच, रडणं सुरूच. एकाने मागे दोन पाट्या गोवऱ्या चढवल्या. म्हणाला, भोरात महाग मिळत्यात. नसरापूर सोडलं तेव्हा गाडीत अठरा माणसं होती आणि बंडूच्या मांडीवर एक म्हातारा बसून त्याच्याच गळ्यात पडून रडत होता. कापूरहोळचे ते दोघे मात्र या वेळी बरोबर उठले.

भोरच्या स्टँडवर आम्ही शिरलो तेव्हा चिमाजी कडुनिंबाखाली भाकरी-ठेचा खात होता. सासूबाई पदरात तोंड घालून मोठमोठ्याने बोलत होत्या, त्यांना तो दिसला नाही. “माज्या वाघा! मामी मामी करून पाया पडायचास रं! म्या बोलले न्हाई रं, म्या चांडाळीन! मोटारीला माजं नाव दिलंस, एवढा मान मला कुनी दिला न्हाई, सख्ख्या नवऱ्यानं दिला न्हाई!”

चिमाजीचा घास हातातच राहिला. सगुणाबाईने त्याला ढोसलं, “अवं, उटा की! बोला की तिच्याशी!”

“जरा थांब,” तो हळूच म्हणाला. “मामी पयल्यांदाच चांगलं बोलतीया. बोलू दे.”

तेवढ्यात म्हातारीने डोळे उघडले आणि किंचाळली, “भूऽऽत!” निम्मी माणसं उलट्या बाजूने उतरली. चिमाजीने भाकरी वर धरून दाखवली. “मामी, भूत भाकरी खातंय व्हय?”

म्हातारी उतरली. त्याच्या जवळ गेली. त्याचा दंड दाबून बघितला, मिशी ओढून बघितली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मेला न्हाईस?”

“न्हाई, मामी.”

“मंग म्या बावीस मैल रडले ते काय फुकट?”

दोन वर्षांनी झालेलं त्यांचं हे पहिलं बोलणं. पण आनंदरावांना त्यात काही रस नव्हता. त्यांनी गोवऱ्यांकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि म्हणाले, “रघुवीर, काठी.”

मी काठी टाकली. येताना पाच खाचा. जाताना चार, एकूण नऊ. काल चिमाजीच्या दहा.

“एका खाचेने मी!” बंडू ओरडला. गॉगल त्याच्या कपाळावर होता आणि त्याच्यावर कुणाचं तरी शेंबूड-पाणी. “ठरलं ते ठरलं, भावोजी!”

ठरलं होतंच. चिमाजीही काही वाद घालेना. त्याने खिशातून मोटार पुसायचं फडकं काढलं, घडी घातली आणि बंडूपुढे धरलं. “काठी खोटं बोलत न्हाई,” तो म्हणाला. “चढाला तिला घाई करू नगा.”

मी वही उघडून बसलो होतो. निकाल लिहायचा होता. नऊ, दहा. पण माझी नजर त्या चार आणि पाचवर अडकली. जाताना रिकामी, चार खाचा. येताना भरलेली, पाच. आणि काल पांढऱ्यावर, भरलेली, पाच. म्हणजे वज्जं तेवढंच, वाट तेवढीच... अरे देवा! तांबड्याने एक थेंब वाचवला नव्हता. वाचला होता तो माणसं न नेल्यामुळे. हे सगळं बैलांच्या भाषेत तो मला आधीच सांगून बसला होता आणि मी त्याला गाढव म्हणालो होतो. इतकी लाज मला मॅट्रिकच्या गणितातसुद्धा वाटली नव्हती, आणि गणितात मला छत्तीस होते.

“लिही की,” आनंदराव म्हणाले.

“मालक,” मी म्हणालो, “मैल मोजले, पण नेलं कुणाला? काल सव्वीस तिकिटं होती. त्या सव्वीस जणांना चिमाजीने पाच ग्यालनमध्ये नेलं.”

“आणि आज?”

मी वही त्यांच्यापुढे धरली. एकही पान फाटलेलं नव्हतं.

“साडेचार ग्यालन, महागातलं तांबडं,” मी म्हणालो, “आणि नेलं मला. आणि ह्या गोवऱ्यांना. माझ्याकडेही तिकीट नाही. अठरा मैल जाऊ द्या, मालक, शंभर मैल पळवा. शून्याने गुणलं की शून्यच येतं.”

“हे शर्तीत नव्हतं!” बंडू ओरडला.

“नव्हतं,” मी म्हणालो. “माझी चूक. मीच शर्त लिहिली. आणि मीच त्याला गाढव म्हणालो, ते गाढव मी होतो. हेही लिहू का?”

आनंदरावांनी वही हातात घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा असणार, कारण त्यांनी दोनदा घराच्या दिशेने वळून बघितलं. मग त्यांनी हँडल उचललं आणि चिमाजीच्या हातात दिलं. “ह्या सगळ्यांना घरी सोडून ये,” ते म्हणाले. “आणि बंडूला पुण्याच्या गाडीत कोण बसवून देतंय ते बघा.”

चिमाजी हँडल घेऊन उभाच. “म्हंजी म्या बसू?” त्याने विचारलं. दोनदा विचारलं. मग हातातल्या त्याच फडक्याने डोळे पुसायला गेला, आणि त्या फडक्याला पेट्रोल. बोंबलला! सगुणाबाईने तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तो नक्की कशाने रडला ते मग कुणालाच कळलं नाही. मला कळलं, पण सगुणाला सांगू नका म्हणाला होता.

तो सीटवर बसला. माणसं चढू लागली, आता हसत. मी वही परत पेटीत टाकत होतो, कारण मयताला आलेल्यांना परत न्यायचं तेही बिनतिकीटच. तर माझ्या टेबलावर कुणीतरी हात आपटला. सासूबाई. पदराची गाठ सोडत होत्या.

“फाड तिकीट,” म्हातारी म्हणाली.

“अहो, पण तुम्ही मयताला...”

“मयताला आले हुते. आता जित्या जावयाच्या गाडीतनं घरला चालले. फाड, आन् म्होरल्या बाकाचं फाड. त्येच्या शेजारचं.”

मी फाडलं. ती पुढे जाऊन चिमाजीच्या शेजारी बसली, सुलटी, तोंड रस्त्याकडे करून. मग मागे वळली आणि बाकीच्यांना म्हणाली, “बघताय काय? काढा पैसं.”